साहेबाचे ओटे आणि तीस वर्षांचा घोळ

ऑगस्ट उजाडला की व्हॉट्सॲपवर तो संदेश येतोच. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियमचा शोध लागला. सोबत किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’चा, म्हणजे लॉकियरच्या यंत्रांसाठी बांधलेल्या चौथऱ्यांचा फोटो आणि मराठी माणसाची मान उंच वगैरे. मीही एकदा तो पुढे ढकलला आहे, त्यामुळे कुणाला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

पण लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हताच. तो इंग्लंडमध्ये होता, युद्धखात्यात कारकुनी करत आणि मागवलेला नवा स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं यंत्र) कधी येतो याची वाट बघत. विजयदुर्गाला तो आला हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर हेलियम सूर्यावर सापडून तीस वर्षं होत आली होती आणि पृथ्वीवर सापडून जवळजवळ तीन.

मग १८६८ साली झालं काय? त्या ग्रहणाची सावली जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण अशी देश ओलांडून गेली. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शल (हो, खगोलशास्त्रज्ञांच्या त्याच हर्शल घराण्यातला), गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेला ज्यूल जान्सेन, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉग्सन. सगळ्यांचं लक्ष चंद्राच्या काळ्या चकतीच्या कडेने डोकावणाऱ्या लालसर ज्वालांवर. वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगारंगांत पसरून मिळणाऱ्या पट्ट्यात, सलग पट्ट्याऐवजी सुट्या चमकदार रेषा दिसल्या, म्हणजे ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या. काही रेषा हायड्रोजनच्या निघाल्या. एक पिवळीही होती. पिवळी म्हणजे सोडियम, असं बहुतेकांनी धरलं. वरण उतू जाऊन गॅसची ज्योत पिवळी होते ना, त्या मिठातलाच सोडियम. वर्णपटात त्याची जागा ‘डी’ या नावाने ठरलेली होती. पॉग्सनने मात्र ‘डी’वर किंवा डीच्या जवळ, अशी सावध नोंद केली. अंधाराच्या पाच-सहा मिनिटांत याहून बारीक कोण मोजणार?

जान्सेनला एक वेगळीच गोष्ट जाणवली. या रेषा इतक्या झगझगीत आहेत की त्या दिसायला ग्रहण कशाला हवं? दुसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, त्याने सूर्याच्या कडेला यंत्र लावलं आणि रेषा पुन्हा दिसल्या.

ही युक्ती मला फार आवडते, म्हणून जरा थांबतो. ज्वाला एरवी दिसत नाहीत, कारण सूर्याभोवतीच्या आकाशाचा झगमगाट त्यांना बुडवतो. तो झगमगाट म्हणजे विखुरलेला सूर्यप्रकाशच, त्यात सगळे रंग आहेत. मोठ्या परातीत मूठभर पीठ आणि चार मोहरीचे दाणे टाका. पीठ जितकं पसराल तितका त्याचा थर विरळ होतो. दाणे मात्र एकमेकांपासून लांब जातात, विरळ होत नाहीत. लोलकातून गेलेल्या प्रकाशाचं अगदी हेच होतं. एकापुढे एक लोलक लावून पट्टा दुप्पट लांब केला की आकाशाचा उजेड निम्म्यावर येतो, कारण तो सगळ्या रंगांत वाटला जातो. ज्वालेचा प्रकाश मोजक्याच रंगांत कोंबलेला असल्याने तिच्या रेषा नुसत्या दूर सरकतात, तेज तेवढंच राहतं. पुरेसे लोलक लावले की पीठ नाहीसं आणि मोहरी स्वच्छ!

लॉकियरला हे १८६६ पासून सुचलेलं होतं, अडलं होतं ते यंत्रासाठी. ते हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने इंग्लंडातून, ग्रहणाविना, त्याच रेषा पाहिल्या. जान्सेनचं पत्र भारतातून बोटीने निघालं होतं. दोघांच्या बातम्या पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला पोचल्या. पुढे फ्रान्सने दोघांचे मुखवटे असलेलं एकच पदक काढलं.

आता घाई नव्हती. रोज निवांत मोजता येत होतं. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर. ज्वालेतली पिवळी रेष ५८७.६ वर. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा, पण तिथे ओळखीचं कोणतंच मूलद्रव्य बसेना. म्हणून मला वाटतं, हेलियम ग्रहणात सापडला असं म्हणण्यापेक्षा ग्रहणाची गरज संपल्यावर सापडला असं म्हणणं जास्त खरं.

नेहमीच्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात, अणूंनी तेवढाच रंग शोषून घेतल्याच्या. मग त्यांच्यामध्ये ही रेष आधी कुणाला का दिसली नाही? कारण काळी रेष उमटायला अणू आधी त्या रेषेच्या खालच्या ऊर्जेच्या पायरीवर चढलेला असावा लागतो. हायड्रोजनच्या दृश्य रेषांसाठी ती पायरी १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं माप) उंचीवर आहे, तर हेलियमच्या या पिवळ्या रेषेसाठी जवळजवळ २१ वर. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सियस. त्या उष्णतेत तिथवर चढणारे अणू नगण्य. वरच्या विरळ, जास्त तापलेल्या थरांत मात्र ते चढतात, आणि नेमका तोच थर ग्रहणात दिसतो.

लॉकियर आणि रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी या अनोळखी द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं. १८७१ साली भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनच्या (पुढचा लॉर्ड केल्विन) भाषणात ते नाव जाहीरपणे आलं. पण बाटलीत नसलेलं मूलद्रव्य रसायनवाले मानेनात. अखेर १८९५ साली रसायनतज्ज्ञ विल्यम रॅम्झेने युरेनियमयुक्त क्लेव्हाइट खनिजातून वायू काढला तो आर्गॉन शोधायला, आणि वर्णपटात उजळली तीच पिवळी रेष.

जाता जाता: ग्रहणात शिजलेलं अन्न टाकून देणारी सुशिक्षित घरं आजही आहेत. सावलीने अन्न नासत असेल तर रोज रात्रीचा भात टाकावा लागेल. रात्र म्हणजे पृथ्वीची सावलीच की.

विजयदुर्गाचे ओटे मात्र जरूर बघावेत. १८९८ ला लॉकियर तिथे ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी हाताशी घेऊन आला होता, वर्णपटाचे फोटो काढायला. आणि अभिमानच हवा असेल तर त्याच दिवशीचं जेऊर आठवावं. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता, तसेच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नाईगमवालाही आपली यंत्रं लावून बसले होते. त्यांचा अहवाल १९०२ साली छापून आला. त्याचा संदेश मला अजून एकदाही आलेला नाही.