हद्दीवरील झाडाचे तंटे (बेळगाव सीमाभाग)
शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या किंवा मुळे आपल्या हद्दीत आल्यामुळे उद्भवणारे दिवाणी तंटे. बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरात ते परड्यातील फणस, आंबा, चिंच यांवरून, तर शेतात बांधावरच्या झाडाच्या सावलीने भात किंवा ऊस खुरटतो म्हणून होतात. खानापूरकडील पावसाळ्यात फणसाची जून फांदी छपरावर टेकली की वाऱ्यासरशी कौले सरकतात, पाला पन्हळीत कुजतो आणि पाणी भिंतीत मुरते. तक्रारीला तोंड बहुधा येथेच फुटते.

आपल्या जागेवर आलेली फांदी कायद्याने उपद्रव ठरते आणि शेजाऱ्याच्या जागेत पाऊल न टाकता ती हद्दीपर्यंत छाटता येते. ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठ) १८९४ मध्ये हा हक्क मान्य केला. फांदी कितीही वर्षे पसरलेली असली तरी तिला वहिवाटीचे संरक्षण मिळत नाही, हेही त्यातून स्पष्ट झाले. फळे मात्र झाडमालकाचीच राहतात, त्यामुळे अंगणात लोंबणारा फणस उतरवून घेणे या हक्कात बसत नाही.

कर्नाटकात मात्र कोयता उचलण्यापूर्वी थांबावे लागते. कर्नाटक वृक्ष संरक्षण अधिनियम, १९७६ मधील ‘तोडणे’ या संज्ञेत फांद्या छाटणेही येते; म्हणून नारळ, निलगिरी, सुबाभूळ अशी वगळलेली झाडे सोडल्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घेणे हाच सुरक्षित मार्ग होय. त्याहीपूर्वी हद्दीची सरकारी मोजणी करून घ्यावी, कारण बुंधा नेमका कोणाच्या जागेत आहे हेच ठरलेले नसेल तर पुढचा सारा युक्तिवाद अधांतरी राहतो. मोजणीचे व जमिनीचे कागद कन्नडमध्ये असल्याने मराठी भाषक पक्षकाराने ते जाणकाराकडून नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

शेजारी दाद देत नसेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३८ व ३९ खाली मनाई हुकूम किंवा फांद्या काढण्याचा आदेश दिवाणी न्यायालयाकडे मागता येतो. झाड कोसळून लोकांना इजा होण्याचा संभव असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी सशर्त आदेश (धोका दूर करा, नाहीतर हजर होऊन हरकत मांडा, असा) देऊ शकतात. पावसाळा तोंडावर असताना हा मार्ग अधिक उपयोगी ठरतो.

१९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच असलेल्या, पण आता महाराष्ट्रात (कोल्हापूर जिल्ह्यात) मोडणाऱ्या चंदगड तालुक्यात मात्र वृक्षतोडीसाठी महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा पाहावा लागतो.