चकलीची भाजणी दळायला आणताना: डाळी आधी मिसळू नका

दिवाळी जवळ आली की आमच्या रामबागेतल्या चक्कीवर एकच वाद रंगतो: "तांदूळ तीन किलो दिला होता, त्यातला एवढा परत का?" म्हणून हे पत्रक. डबा ठेवण्याआधी वाचलंत तर काट्यापाशी खोळंबा होणार नाही.

आमचं प्रमाण वजनाचं आहे: तांदूळ ४ वाटे, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ १. धणे-जिरे ज्याच्या त्याच्या चवीने.

आता नेहमी येणारा डबा घ्या. तांदूळ ३ किलो, हरभरा डाळ १ किलो, उडीद ६०० ग्रॅम, मूग ४०० ग्रॅम. तांदळाकडे बघून बहुतेक जण सहा किलोचा अंदाज बांधतात, आणि तिथेच गणित फसतं. प्रत्येक जिन्नस आपापल्या वाट्यांनी भागायचा: ७५०, ५००, ६००, ४००. सगळ्यात लहान आकडा मुगाचा, तोच एक वाटा धरायचा. मग तांदूळ लागेल १६०० ग्रॅम, हरभरा ८००, उडीद ४००, मूग ४००. एकूण ३ किलो २०० ग्रॅम. उरलेला १४०० ग्रॅम तांदूळ आणि दोनशे-दोनशे ग्रॅम हरभरा नि उडीद तुमच्या डब्यात परत.

यात फक्त १०० ग्रॅम मूग वाढवला तर भाजणी थेट ४ किलो होते. त्यापुढे मात्र मूग कितीही घाला, उपयोग नाही. आता हरभरा अडवतो, किलोभर असला तरी. कमी पडणारी डाळ आमच्याकडे सुटी मिळते, सियागंजच्या किराणा बाजारातल्या दराच्या आसपास. शंभर ग्रॅमसाठी परत घरी जाऊ नका.

खरी पंचाईत होते ती सगळं घरीच एकत्र करून आणलं की. उडीद आणि मूग एकमेकांत गेल्यावर निवडणार कोण? मग हिशेब उलटा लागतो. काढता काहीच येत नाही, म्हणून सगळ्यात मोठा आकडा धरावा लागतो, म्हणजे तांदळाचा ७५०. वरच्याच डब्यात हरभरा ५०० ग्रॅम, उडीद १५० आणि मूग ३५० घालावा लागेल: एक किलो डाळ विकत, आणि भाजणी सहा किलो, हवी असो वा नसो. तीही कशात काय किती घातलं हे तुम्हाला आठवत असेल तरच! "अंदाजे असेल बघा" म्हटलंत तर आम्ही जसं आहे तसं भाजून-दळून देऊ, पण चकली कडक झाली म्हणून मग चक्कीला बोल लावू नका.

"काका, सगळंच टाकून द्या ना," असा आग्रह होतो. टाकता येतं, दळणाचे पैसेही आम्हाला जास्तच मिळतील. पण तांदूळ वाढलेल्या भाजणीची तक्रार आमच्याच दारी येते, म्हणून विचारल्याशिवाय टाकत नाही. वजन तुमच्यासमोर होतं आणि चिठ्ठीवर लिहून मिळतं. ते कच्च्या मालाचं असतं. भाजल्यावर ओल जाऊन थोडी घट येते.

तेव्हा चार जिन्नस चार पिशव्यांत आणा, तांदूळ धुऊन कडकडीत वाळवलेला. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसापासून भाजणी फक्त सकाळी घेतो.