कूलरचा कंडेन्सर आणि ट्यूबलाइटचा चोक

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. गवत बदलायचं, टाकी घासायची, आणि पंखा नुसताच गुणगुणत असेल तर कंडेन्सर बदलायचा. जुना कंडेन्सर हातात आला की मेकॅनिक आधी त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवतो. कधी कधी चट्‌कन ठिणगी उडते. प्लग तर केव्हाच काढलेला असतो, मग ही वीज कुठून आली?

कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर. त्याचा स्वभाव घरी बघता येतो. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारातून 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर आणि 10 किलोओहमचा रेझिस्टर आणा. 9 व्होल्टच्या बॅटरीला दोन्ही एकामागे एक जोडा. कपॅसिटरची ऋण बाजू बॅटरीच्या ऋण टोकाकडेच हवी, उलटा लावलेला कपॅसिटर फुगून फुटू शकतो. आता त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरा. आकडा झपझप चढतो, 10 सेकंदांत 5.7 व्होल्ट. पुढच्या 10 सेकंदांत मात्र 7.8 पर्यंतच. मग 8.5, आणि 50 सेकंदांनी जेमतेम 8.9. (कपॅसिटरवर छापलेला आकडा 20 टक्के मागेपुढे असू शकतो, त्यामुळे तुमचे सेकंद थोडे वेगळे येतील.)

मे महिन्यात फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिचा गारवा आधी भराभर जातो, मग हळूहळू. खोली आणि पाणी यांच्यातला फरक जितका कमी, तितका वेग कमी. इथेही तसंच. बॅटरी आणि कपॅसिटर यांच्या व्होल्टेजमधला फरकच रेझिस्टरमधून प्रवाह ढकलतो, आणि भरता भरता तोच फरक आटत जातो.

रेझिस्टरचा रोध (ओहम) आणि कपॅसिटरची धारिता (फॅरड) यांचा गुणाकार केला की चक्क सेकंद मिळतात: 10,000 ओहम गुणिले 0.001 फॅरड, म्हणजे 10 सेकंद. हा कालस्थिरांक. तेवढ्या वेळात 63 टक्के मजल होते, पाचपट वेळात 99 टक्क्यांहून जास्त. रिकामं होतानाही हेच गणित.

आता कूलरचा 4 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घ्या. वायरी मोकळ्या असल्या की वीज फक्त आतल्या आत झिरपते. त्या गळतीचा रोध 1000 मेगाओहम धरला, तर कालस्थिरांक 4000 सेकंद, तासाहून जास्त! म्हणून तो प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो. वायरी टेकवण्यापेक्षा 10 किलोओहमचा रेझिस्टर, उघड्या टोकांना बोट न लावता, दोन्हींवर धरावा. पाव सेकंदात काम होतं.

कॉइलचं, म्हणजे तारेच्या गुंडाळीचं, मात्र उलटं. तिच्यात व्होल्टेज नव्हे, प्रवाह हळूहळू चढतो, आणि तिचा कालस्थिरांक काढताना रोधाने गुणण्याऐवजी भागावं लागतं, म्हणजे रोध जास्त तर वेळ कमी. मार्ग तुटला की रोध प्रचंड वाढतो. कपॅसिटर अशा वेळी वीज धरून बसतो, कॉइलला मात्र आपला प्रवाह क्षणार्धात सोडावा लागतो, आणि प्रवाह जितक्या झटक्यात पडतो तितकं तिचं व्होल्टेज उसळतं. जुन्या ट्यूबलाइटचा चोक म्हणजे अशीच कॉइल. स्टार्टरचे संपर्क सुटतात, चोक 230 व्होल्टच्या कितीतरी वर उसळी मारतो, आणि दोन-तीनदा लुकलुकून ट्यूब पेटते.