'प्रोग्राम फाइल्स'मध्ये नाही, म्हणजे इन्स्टॉलच झालं नाही?

विंडोजवरचं प्रत्येक सॉफ्टवेअर सी ड्राइव्हच्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्येच सापडतं, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो अर्धाच खरा आहे. 64 बिट विंडोजवर 32 बिट प्रोग्रामसाठी शेजारीच 'एक्स 86' असं कंसात लिहिलेलं वेगळं फोल्डर असतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप्स 'विंडोज अ‍ॅप्स' या लपवलेल्या फोल्डरात जातात. आणि खरी गंमत पुढे: अ‍ॅडमिनचा पासवर्ड न मागता इन्स्टॉल होणारी बरीच सॉफ्टवेअर्स तुमच्या युजर फोल्डरातल्या 'अ‍ॅप डेटा'त बसतात. तेही लपलेलंच, म्हणून शोधून शोधून माणूस पुन्हा इन्स्टॉल करतो!

डेस्कटॉपवरचा आयकॉन हा बहुधा नुसता शॉर्टकट. त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. स्टार्ट मेनूतून गेलात तर आधी शॉर्टकटचंच फोल्डर उघडतं. तिथं तेच पुन्हा करा. प्रोग्राम चालू असेल तर टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर राइट क्लिक करून हाच 'ओपन फाइल लोकेशन' पर्याय निवडा, मूळ फाइल थेट समोर येते. मला हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो.

लिनक्सवर तर 'एकच फोल्डर' ही अपेक्षाच सहसा चुकते: प्रोग्राम एकीकडे, सेटिंग्ज दुसरीकडे. फाइल्सची यादी पॅकेज मॅनेजरलाच, म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामलाच विचारावी.