खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं थांबतं? एका भीतीचा मागोवा

मूल अडीच वर्षांचं होतं, तरी बोलत नाही. डाउन सिंड्रोम असेल, स्वमग्नता असेल, किंवा नेमकं कारण अजून कळलेलं नसेल. स्पीच थेरपिस्ट सुचवतात, ‘त्याच्याशी बोलताना सोबत थोड्या खुणाही करत जा.’ त्यावर घरातून, बहुतेक वेळा आजी-आजोबांकडून, एक प्रश्न येतो: हातानं सांगायची सवय लागली तर तो तोंड कशाला उघडेल? प्रश्न मायेपोटीच विचारलेला असतो. पण या भीतीला फार जुनं मूळ आहे, आणि ते एका ठरावात सापडतं.

सप्टेंबर 1880 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांना शिकवणाऱ्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ज्यांच्या भाषेबद्दल निर्णय व्हायचा होता त्या कर्णबधिरांपैकी प्रतिनिधींमध्ये जवळपास कुणीच नव्हतं. खुणा आणि बोलणं एकाच वेळी वापरल्यानं वाचा, ओष्ठवाचन आणि विचारांतला नेमकेपणा तिन्ही बिघडतात, म्हणून शुद्ध मौखिक पद्धतच, म्हणजे खुणा टाळून फक्त बोलण्यातून शिकवणं, वापरावी, असा ठराव तिथे झाला. अमेरिकेच्या प्रतिनिधींनी विरोध केला, पण संख्याबळापुढे तो टिकला नाही. पुढची जवळपास शंभर वर्षं शाळाशाळांतून मुलांचे हात खाली ठेवले गेले, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याकडे मुंबईत माझगावला कर्णबधिरांची शाळा सुरू झाली तीही 1880च्याच दशकात. भारतातल्या शाळांमध्येही पुढे मौखिक पद्धतीचाच वरचष्मा राहिला. खुणांची भाषा जगली ती वसतिगृहात, मैदानावर, मुलांच्या आपापसांतल्या गप्पांत.

1960 मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोको यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवली, आणि हे नुसते हातवारे नव्हेत, ही पूर्ण भाषा आहे, हे भाषाशास्त्राला मान्य करावं लागलं. तरीही खुणा म्हणजे फक्त कर्णबधिरांचा विषय, ही समजूत कायम होती.

ती सुटायला सुरुवात झाली ती एका अनपेक्षित ठिकाणी. इंग्लंडच्या सरे परगण्यात चर्टसी गावाजवळ बॉटलीज पार्क नावाचं रुग्णालय होतं. बौद्धिक अक्षमता असलेली माणसं तिथे वर्षानुवर्षं राहत. त्यांच्यातल्या काहींना ऐकूही येत नव्हतं. 1972-73 मध्ये मार्गारेट वॉकर या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी अशा 14 प्रौढांना ब्रिटिश सांकेतिक भाषेतल्या निवडक खुणा शिकवायचं ठरवलं. कॅथी जॉन्स्टन आणि टोनी कॉर्नफोर्थ हे दोन सहकारी सोबत होते. तिघांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून पद्धतीचं नाव पडलं ‘मॅकॅटन’. चौदाच्या चौदा जण खुणा वापरायला शिकले. त्यांचं वागणंही सुधारल्याची नोंद आहे. मला यातली ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तहान लागली, दुखतंय, नको, हे कुणालाच सांगता येत नसेल तर माणूस चिडणार, ओरडणार, वस्तू फेकणार. त्याला आपण ‘हट्टी’ किंवा ‘आक्रमक’ म्हणून मोकळे होतो.

पुढचं पाऊल जास्त धाडसाचं होतं. ज्यांना ऐकू येतं पण बोलता येत नाही किंवा बोलणं नीट समजत नाही, अशा मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही मॅकॅटनचा खुणांचा संग्रह सुधारून घेतला गेला. 1976 मध्ये प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. 1986 मध्ये खुणांच्या जोडीला साधी रेखाचिन्हं आली, म्हणजे हात नीट न वळणाऱ्या मुलाला चित्राकडे बोट तरी दाखवता यावं.

पद्धत कशी चालते? बोलणारा पूर्ण वाक्य बोलतोच, खूण मात्र फक्त महत्त्वाच्या शब्दाची करतो. ‘तुला बिस्किट हवं का?’ असं आई नेहमीसारखं म्हणते आणि ‘बिस्किट’ म्हणताना एका हाताची वाकवलेली बोटं दुसऱ्या हाताच्या कोपराजवळ आपटते. शब्द क्षणात विरून जातो, खूण डोळ्यांसमोर थोडी थांबते. शिवाय मुलाचा हात धरून खूण करून दाखवता येते. जिभेला तसं धरता येत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांना बरंच समजत असतं, पण स्नायू सैल असतात आणि कानात पाणी साचून ऐकूही कमी-जास्त येतं. त्यांना हा आधार विशेष लागू पडतो. आयर्लंडमध्ये 1980च्या दशकात याच धर्तीवर ‘लॉव’ ही पद्धत उभी राहिली, ती आयरिश सांकेतिक भाषेच्या खुणांवर.

मग वाचेचं काय? 2006 मध्ये डायन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. खात्रीलायक पुरावा मिळाला तो 27 व्यक्तींचा. खुणांसारखी पर्यायी साधनं वापरायला लागल्यावर त्यांच्यातल्या एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. 89 टक्क्यांचं वाढलं, उरलेल्यांचं होतं तसंच राहिलं. वाढ बहुतेकांमध्ये माफकच होती आणि संख्या लहान आहे, हे सांगायलाच हवं. तरी मिलानच्या ठरावामागे एवढाही पुरावा नव्हता. 2010 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला कर्णबधिर शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा ते ठराव अधिकृतपणे फेटाळून खेद व्यक्त करण्यात आला.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. या सगळ्या खुणा कर्णबधिर समाजाच्या आहेत. ऐकू येणाऱ्या मुलांना मदत म्हणून खुणा शिकवल्या जात होत्या, त्याच काळात कर्णबधिर मुलांना मात्र अनेक शाळांत त्यांचीच भाषा नाकारली जात होती. ब्रिटिश सांकेतिक भाषेला कायद्यानं मान्यता मिळायला 2022 उजाडलं. महत्त्वाच्या शब्दांच्या खुणा म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे, तिला स्वतःचं व्याकरण आहे, असं कर्णबधिर माणसं बजावतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

भारतात 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ‘संवाद’ या व्याख्येत खुणा आणि पर्यायी संवादसाधनंही धरली आहेत. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून वाचा आणि श्रवणाच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं 2021 पर्यंत शब्दकोशात 10,000 शब्द आणले. त्यांचे व्हिडिओ फोनवर फुकट पाहता येतात. मराठीत बोलत बोलत त्यातल्या चार-पाच खुणा घरात सुरू करता येतात: पाणी, अजून, नको, झालं, आणि मुलाला सगळ्यात जास्त आवडणारी वस्तू. आजी-आजोबांनीही त्या शिकून घ्याव्यात, कारण घरात एकटी आईच खुणा करत राहिली तर मूल फक्त आईशीच बोलेल.