शोषण उंची (विहीरपंपाची)

विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर. काठावर मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच सांगाड्यात असलेला) पंप बसवून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या घरात धार बारीक झाली, की दोष सहसा मोटारीला दिला जातो. उन्हाळ्यात तो पुष्कळदा या अंतरात असतो.

पंप पाणी ओढतो असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तो नळीतला दाब फक्त कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावरचा वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सु. १०.३ मी. जलस्तंभ तोलतो, महाबळेश्वरच्या उंचीवर सु. ८.८ मी. यातून नळीतले घर्षण आणि पाण्याचा बाष्पदाब (पाण्याच्या वाफेचा स्वतःचा दाब; ३०° से. तापमानास सु. ०.४ मी.) वजा होतो. त्यामुळे सखल भागातही व्यवहारात ६ ते ७ मी. हीच मर्यादा धरणे शहाणपणाचे. ती ओलांडली की पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि आत खडे फिरल्यासारखा आवाज येतो.

या मर्यादेच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. जेनोव्हाच्या बालियानी यांनी टेकडीवरून नेलेली वक्रनळी (सायफन) चालत नसल्याचे १६३० मध्ये गॅलिलिओंना पत्राने कळवले. स्वतःच्या भाराने दोर तुटावा तसा जलस्तंभ तुटतो, असे गॅलिलिओंचे स्पष्टीकरण होते. १६३८ च्या ग्रंथात त्यांनी पंपाची मर्यादा १८ हात (इटालियन माप) दिली. रोममध्ये गास्पारो बेर्ती यांनी उंच शिशाच्या नळीत पाणी भरून केलेला प्रयोग १६३९ ते १६४४ यांच्या दरम्यान केव्हातरी झाला असावा. तो टोरिचेल्लींच्या, पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्यात उलटी धरून केलेल्या प्रयोगाआधीचा असल्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. हवेच्या भाराची कल्पना बालियानींच्या पत्रव्यवहारातही आढळते. मात्र तिची स्पष्ट मांडणी टोरिचेल्लींच्या जून १६४४ मधील पत्रांत आहे. १६४८ मध्ये पास्कालच्या सूचनेवरून प्यूई द दोम पर्वतावर झालेल्या प्रयोगात उंचीबरोबर पाऱ्याचा स्तंभ उतरलेला दिसला आणि हवेच्या भाराविषयीचा वाद बव्हंशी मिटला.

दोष शोधताना प्रथम टाकी भरायला लागणारा वेळ पाहावा. टाकी नेहमीच्या वेळात भरत असेल, तर विहीर आणि पंप निर्दोष असून अडचण टाकीखालच्या नळांत आहे. नळापासून ३ मी. उंच टाकी फक्त सु. ०.३ किग्रॅ. प्रति चौ. सेंमी. दाब देते, तेवढा दाब क्षार धरलेल्या अर्ध्या इंची नळीत किंवा तोटीच्या जाळीत सहज खर्ची पडतो. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हे विशेष लक्षात घ्यावे.

टाकी भरायला वेळ लागत असेल, तर शोषण बाजू तपासावी. सुरुवातीला धार चांगली येऊन थोड्या वेळाने बारीक होत असेल, तर उपशाच्या मानाने झरे कमी पडत आहेत. धार फसफसत येत असेल, तर सांध्यातून किंवा ग्रंथीतून (ग्लँड, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवतीची गळतीरोधक जागा) हवा शिरते. पाणी बाहेर न गळता हवा आत जात असल्याने ही गळती डोळ्यांना दिसत नाही. दर वेळी पंपात पाणी भरावे लागत असेल, तर फूटव्हॉल्व्ह (शोषण नळीच्या तळाची एकमार्गी झडप) काढून पाहावा. त्याच्या झडपेखाली एखादी काडी किंवा वाळूचा कण अडकला तरी पंप बंद असताना नळीतले पाणी विहिरीत उतरते. विद्युत्‌दाब उतरल्यानेही धार मंदावते : मोटारीचे फेरे थोडेच घटले तरी पंपाने दिलेली उंची फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते.

पातळीच खाली गेली असेल, तर मोठी मोटार बसवून उपयोग होत नाही. पंप विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर उतरवणे हाच जुना आणि खात्रीचा उपाय. पाण्यात बुडून चालणाऱ्या सबमर्सिबल पंपाला ही मर्यादा लागू नाही.