करतारपूर दर्शनासाठी सोलापुरातून अर्ज : पात्रता आणि कागदपत्रे

दीर्घ भ्रमंतीनंतर गुरू नानकांनी आयुष्याची अखेरची सुमारे 18 वर्षे रावीकाठच्या करतारपुरात काढली. तेथे ते स्वतः शेती करीत. संगत (भाविकांचा सत्संग) आणि लंगर (सामूहिक भोजन) यांची घडी त्यांनी तेथेच बसवली आणि 1539 मध्ये देह ठेवण्यापूर्वी भाई लहणा यांना ‘अंगद’ हे नाव देऊन गादी सोपवली. हे स्थान आज पाकिस्तानात, सीमेपासून जेमतेम साडेचार किलोमीटरवर आहे. संत नामदेवांची 61 पदे शीखांच्या धर्मग्रंथात, गुरू ग्रंथ साहिबात असल्याने पंढरपूरच्या वारकऱ्यांनाही तेथे जाण्याची ओढ वाटते.

भारतीय यात्रेकरूंना सीमेपलीकडे या स्थानापर्यंत नेणारी, नोव्हेंबर 2019 मध्ये खुली झालेली करतारपूर मार्गिका 7 मे 2025 रोजी सुरक्षेच्या कारणास्तव बंद करण्यात आली. त्यामुळे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदणी संकेतस्थळावर तारखा उपलब्ध असल्याची खात्री केल्याखेरीज रेल्वेचे आरक्षण करू नये.

कोणत्याही धर्माचा भारतीय नागरिक अर्ज करू शकतो. व्हिसा लागत नाही, मात्र वैध पासपोर्ट अनिवार्य आहे. तो नसल्यास आधी सोलापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी. 36 पानी पासपोर्टचे शुल्क प्रौढांसाठी 1,500 रुपये असून पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो. पोलीस पडताळणीला लागणारे दिवस हिशेबात धरलेले बरे.

यात्रेचा अर्ज ऑनलाइन भरून छायाचित्र आणि पासपोर्टची पाने जोडावी लागतात. आपल्याकडे घोटाळा होतो तो नावात. पासपोर्टवर बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच रकान्यात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असते, तर आधारवर तिन्ही सलग असतात. अर्जात पासपोर्टवरीलच रचना अक्षरशः उतरवावी. मंजुरी मिळाल्यावर प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी संदेश येतो आणि इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना डाउनलोड करता येतो. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तेथून अमृतसर आणि पुढे सीमेवरचे डेरा बाबा नानक एवढा पल्ला असल्याने मुदत फारच तोकडी पडते. म्हणून परवाना वाटेतच मोबाइलवर उतरवून त्याची छापील प्रत अमृतसरला काढण्याची तयारी ठेवावी.

सोबत मूळ पासपोर्ट, परवाना आणि पाकिस्तानच्या सेवाशुल्कासाठी 20 अमेरिकी डॉलर असावेत. रोख कमाल 11,000 रुपये आणि पिण्याच्या पाण्यासह एकच पिशवी, तीही सात किलोपर्यंत. सकाळी जाऊन त्याच दिवशी परतावे लागते आणि गुरुद्वाऱ्याच्या आवाराबाहेर कोठेही जाता येत नाही.